गोठ्याचं दार बंद ठेवा

स्पीच थेरपीच्या इंटर्नशिपमध्ये पहिल्या महिन्यात मी प्लॅस्टिकच्या प्राण्यांची मोठी पेटी घेतली होती. २४ प्राणी, कुंपण, गोठा, ट्रॅक्टर, इवलंसं झाड. तीन वर्षांचा मुलगा समोर येऊन बसला आणि मी अख्खी पेटी सतरंजीवर रिकामी केली. पुढची वीस मिनिटं तो प्राणी उचलून पुन्हा पेटीत भरत होता आणि मी "हे काय आहे? आणि हे? गाय कशी ओरडते?" असं विचारत सुटले होते. सेशन संपल्यावर सुपरव्हायझर मॅडमनी विचारलं, "आजचं टार्गेट काय होतं?" मी म्हटलं, "शेत." त्या म्हणाल्या, "शेत हे खेळण्याचं नाव झालं. त्याच्या तोंडून काय यायला हवं होतं?" मला काहीच सांगता आलं नाही. (आणि गाय ओरडत नाही, हंबरते, हे त्यांनी जाता जाता सांगितलंच.)

लहान मुलांच्या स्पीच थेरपीत नव्यानं आलेल्या बहुतेकांच्या हाती शेताचा खेळ पहिल्याच आठवड्यात पडतो. खेळ चांगलाच आहे. पण आधी मुलासाठी एक गोष्ट ठरवायची, एखादा आवाज किंवा एखादी वाक्यरचना, आणि मग शेतातलं जे त्या कामाचं असेल तेवढंच बाहेर काढायचं. मी हे उलटं करत होते.

दुसरी चूक तक्त्यांची. इंटरनेटवरून इंग्रजी वर्कशीट उतरवायची आणि चित्रांखाली मराठी नावं लिहायची, हा सोपा मार्ग मीही धरला. एक तक्ता 'ह' या आवाजासाठी होता: हेन, हॉर्स, हे. मी मन लावून लिहिलं: कोंबडी, घोडा, गवत. तिन्ही शब्दांत 'ह' औषधालाही नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं ते मुलासमोर तक्ता उघडल्यावर. तेव्हापासून मी चित्रं बाजूला ठेवून आधी कागदावर मराठी शब्द लिहिते आणि ते मोठ्यानं म्हणून बघते. 'बदक' लिहिताना शेवटच्या क मध्ये अ असतो, बोलताना तो गळतो, म्हणून शब्दाच्या शेवटी क हवा असेल तर बदक कामाचं. गाय एका दमात म्हणून होते, कोंबडीला तीन तुकडे लागतात. म्हैस आणि कुत्रा यांत जोडाक्षर आहे. ट्रॅक्टरमध्ये तर दोन आहेत, त्यामुळे मूल 'टॅटर' म्हणालं तर घाबरायचं कारण नाही.

अगदी लहान किंवा अजून न बोलणाऱ्या मुलांकडे मी प्राण्यांच्या नावांपासून सुरुवात करत नाही, आवाजांपासून करते. हम्मा, बें बें, भू भू. तिन्ही ओठांवरचे आवाज. ओठ मिटताना मुलाला दिसतात, म्हणून नक्कल करायला सोपे. पालक तक्रार करतात, "गायीला गाय म्हणतच नाही, हम्माच म्हणतो." प्रत्येक वेळी गाय दिसल्यावर, स्वतःहून आणि फक्त गायीलाच हम्मा म्हणत असेल तर तो शब्दच आहे. नोंदीत धरा. साधारण दोन वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांकडे पन्नासेक शब्द असतात आणि "अजून दे" अशा जोड्या सुरू होतात. मूल यापासून बरंच मागे असेल तर खेळ उघडण्याआधी ऐकण्याची तपासणी झाली आहे का ते विचारा. हाक मारल्यावर वळून बघतं म्हणजे नीट ऐकू येतं असं नाही.

घोड्याच्या टापांचा टक् टक् आवाज जिभेनं काढायला मुलांना फार आवडतं. काढू द्या, पण त्यानं 'ट' सुधारत नाही. फुंकर मारणं, जीभ वर-खाली नाचवणं अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. उच्चार बोलूनच सुधारतो.

आता गोठ्याचं दार. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यानं. चार प्राणी आत ठेवायचे, दार घट्ट लावायचं, गोठा मुलासमोर सरकवायचा आणि गप्प बसायचं. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. हे दहा आकडे नव्या माणसाला फार लांब वाटतात. मी तिसऱ्यालाच तोंड उघडत असे. मूल तुमच्याकडे बघेल, तुमचा हात ओढून दारावर ठेवेल, "उ" म्हणेल. यातलं काहीही आलं तरी ती मागणीच आहे. लगेच "उघड! दार उघड" म्हणायचं आणि उघडायचं. एक प्राणी बाहेर, दार पुन्हा बंद. उघड, दे, अजून, आत, बाहेर, संपलं: हे शब्द मुलाला घरी दिवसभर लागतात. 'बोकड' हा शब्द शिकवून दिवसातून किती वेळा वापरला जाईल, याचा हिशेब मी आता आधी करते. न बोलणाऱ्या मुलाला बोट ठेवून सांगता यावं म्हणून चित्रांचा फलक करतानाही या शब्दांना पहिली जागा, प्राण्यांना नंतर.

मोठ्या मुलांसाठी हेच दार उच्चाराच्या कामी येतं. एक मुलगी क ला त आणि ग ला द म्हणायची. गाय म्हणजे 'दाय'. क आणि ग म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलून टाळूच्या मऊ भागाला लागतो. तिची जीभ पुढे दातांशीच जायची. कोंबड्याचं आरवणं 'तुतूचतू'. तिथूनच धरलं, कारण 'कू' म्हणताना पुढच्या ऊ मुळे जीभ आधीच मागे असते. तो 'कू' जमल्यावर ग कडे वळलो आणि 'दार' व 'गार' ही जोडी घेतली. गोठ्याचं दार, हौदातलं गार पाणी. ती गायीसाठी गार पाणी मागायची, तोंडून "दार" यायचं, आणि मी मुकाट्यानं दार उघडायचे. दोनदा तिनं कपाळाला आठ्या घातल्या. तिसऱ्यांदा थांबून तिनं घशातून ग काढला. मूल तो आवाज एकट्यानं काढू शकत असेल तेव्हाच मी हा खेळ घेते. नाहीतर ती निव्वळ छळणूक होते.

या कामात मोजदाद लागते. अर्ध्या तासात टार्गेटचा आवाज किंवा शब्द निदान ५० वेळा मुलाच्या तोंडून यावा, असं मला शिकवलं गेलं. मी एका सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून मोजलं तर मुलाचे ११ निघाले, माझेच सत्तरच्या वर. खेळ रंगला होता, थेरपी झाली नव्हती.

व्याकरणासाठी मात्र मराठी शेताला तोड नाही. तिन्ही लिंगं एकाच गोठ्यात उभी असतात: तो बैल, ती गाय, ते वासरू. तो बोकड, ती शेळी, ते करडू. तो घोडा, ती घोडी, ते शिंगरू. बैल आला, गाय आली, वासरू आलं. क्रियापदाचं शेपूट मुलाला कानांनी ऐकू येतं आणि समोर दिसतंही. अनेकवचनही तिथंच मिळतं: घोडे, शेळ्या, म्हशी, वासरं. शिवाय गोठा आत जाताना 'गोठ्यात' होतो, घोडा चारा घेताना 'घोड्याला' होतो. भाषा उशिरा आलेली मुलं "गोठा आत" म्हणून थांबतात. तेव्हा "असं नाही म्हणायचं" असं टोकू नका, "हो, गोठ्यात! गाय गोठ्यात गेली" एवढं म्हणून खेळ पुढे न्या. मुलाचंच वाक्य दुरुस्त होऊन त्याच्या कानावर पडतं.

एक सावधगिरी बोलीबद्दल. शेळीला 'शेयी' आणि पाण्याला 'पानी' म्हणणाऱ्या घरातलं मूल तसंच म्हणणार. तो दोष नाही. आई-वडील कसे बोलतात ते आधी ऐका, मग ळ आणि ण वर चुकीची खूण करा. चित्रांचंही तसंच. काळे-पांढरे ठिपके असलेल्या गायीचं चित्र दाखवल्यावर एक शेतकऱ्याचा मुलगा गप्प राहिला. मी 'नाव सांगता येत नाही' असं लिहिलं. नंतर वासरू म्हणून मी दुसरं चित्र पुढे केलं, तर शांतपणे म्हणाला, "ही कालवड आहे." मी पहिली नोंद खोडली.

काही मुलं सगळे प्राणी एका रांगेत लावतात आणि रांगेला हात लावू देत नाहीत. ती मोडू नका. पुढचा प्राणी तुमच्या हातात ठेवा. मागणी आपोआप येते. बटण दाबलं की हंबरणाऱ्या खेळण्याचे सेल काढून टाका, नाहीतर खेळणंच बोलत राहतं आणि मूल ऐकत बसतं. टोपलीत धान्य भरून त्यात प्राणी लपवायचा खेळ देखणा दिसतो, पण तीन वर्षांखालच्या मुलांसमोर मी तो मांडत नाही. दाणा नाकात किंवा कानात जायला क्षण पुरतो. आणि ज्या मुलाचा जीव गाड्यांत आहे, त्याच्यापुढे शेत रेटण्यात अर्थ नाही. 'आत', 'बाहेर', 'उघड' गॅरेजमध्येही तेवढेच चालतात.

पालक विचारतात, घरासाठी हाच सेट घ्यायचा का? मी रिकाम्या खोक्याला एका बाजूनं दार कापून देते. आत काय ठेवायचं ते त्यांनी ठरवावं, मोजेही चालतील. फक्त दार आधी बंद असू दे.

माझी २४ प्राण्यांची पेटी अजून आहे. सेशनला तिच्यातले चारच निघतात: बैल, गाय, वासरू आणि त्या दिवशी ज्या आवाजावर काम असेल तो चौथा. ट्रॅक्टर कपाटात असतो. तो दिसला की गायीकडे कोणी बघत नाही.