एकाच पेनड्राइव्हची दोन नावे

विंडोज टाकताना पेनड्राइव्हचे चुकीचे नाव निवडल्यामुळे माझ्या हातून एका ग्राहकाची डिस्क कशी पुसली गेली, हे संगणक दुरुस्तीच्या कामात नव्याने उतरलेल्यांसाठी लिहीत आहे. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची एकत्र फाइल, कोठून उतरवायची, रुफस या साधनाने तिचा पेनड्राइव्ह कसा तयार करायचा आणि बूट मेनूसाठी, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचे त्या यादीसाठी, कोणती कळ दाबायची, एवढे तुम्हाला येते असे मी धरून चालतो. मलाही तेवढे येत होते. २०१९ साली आयटीआयमधून कोपाचा, म्हणजे संगणक चालवण्याचा, एक वर्षाचा ट्रेड पूर्ण करून मी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका दुकानात लागलो, तेव्हा दिवसाला तीन-चार मशीनवर विंडोज टाकत होतो आणि हे काम आपल्याला जमले आहे असे मला मनापासून वाटत होते.

त्याच पावसाळ्यात कोथरूडहून एक निवृत्त शिक्षिका आपला लॅपटॉप घेऊन आल्या. सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाका, पण डी ड्राइव्हला हात लावू नका, त्यात माझी पंधरा वर्षांची व्याकरणाची टिपणे आणि प्रश्नपत्रिका आहेत, असे त्यांनी दोनदा बजावले. मी बूट मेनू उघडला. पेनड्राइव्हचे नाव तेथे दोनदा दिसत होते, एकदा नुसते आणि एकदा आधी यूईएफआय हा शब्द लावून. मी वरचे, म्हणजे नुसते नाव निवडले. डिस्क निवडण्याच्या पायरीवर सेटअपने सांगितले की ही डिस्क जीपीटी (विभागांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) पद्धतीची असल्यामुळे तिच्यावर विंडोज टाकता येणार नाही. तो संदेश मोबाइलवर शोधला, तर पहिल्याच व्हिडिओत उपाय मिळाला: शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडा, डिस्कपार्ट हे डिस्कचे विभाग हाताळणारे साधन चालवा, डिस्क निवडा, क्लीन लिहा, मग कन्व्हर्ट एमबीआर लिहा. मिनिटभरात तो संदेश गेला आणि त्याबरोबर डी ड्राइव्हही गेला. यादीत सगळी डिस्क मोकळी जागा म्हणून दिसत होती.

हे नेमके का घडले, ते मला कोणी आधी समजावून सांगितले नव्हते, म्हणून येथे थोडे लांबवतो. सेटअप ज्या पद्धतीने सुरू होतो, त्याच पद्धतीने सुरू होणारी विंडोज तो डिस्कवर टाकू पाहतो. नुसत्या नावाने सुरू केला, तर तो बायॉसच्या, म्हणजे मशीन सुरू करण्याच्या जुन्या, लेगसी पद्धतीने चालतो आणि त्याला एमबीआर, म्हणजे विभाग नोंदवण्याच्या जुन्या पद्धतीची, डिस्क लागते. यूईएफआयच्या, म्हणजे मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीच्या, नावाने सुरू केला, तर त्याला जीपीटी लागते. त्या शिक्षिकांच्या लॅपटॉपवरची मूळ विंडोज यूईएफआयनेच चालत होती आणि डिस्क अगदी ठीक होती. चूक होती ती मी निवडलेल्या नावात. कन्व्हर्ट ही आज्ञा फक्त रिकाम्या डिस्कवर चालते, म्हणूनच हे व्हिडिओवाले तिच्याआधी क्लीन लिहायला लावतात, आणि क्लीन एका ड्राइव्हची नसून संपूर्ण डिस्कची असते, हे मात्र सांगत नाहीत. शिवाय एमबीआरमध्ये नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही आणि विंडोज ११ ला तर यूईएफआयच लागते. म्हणजे एवढे करून मशीन मागेच जाते.

उलट प्रकारही होतो. यूईएफआयने सुरू केलेला सेटअप जुन्या एमबीआर डिस्कवर अडतो. अशा वेळी, जुनी विंडोज १० अजून सुरू होत असेल, तर २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून विंडोजमध्येच असलेले एमबीआरटूजीपीटी हे साधन फायली न पुसता डिस्कचे रूपांतर करते. त्याआधी प्रत काढून ठेवणे तरीही सोडू नका. लिनक्सचे इन्स्टॉलर मात्र बहुधा तुम्हाला अडवतच नाहीत. ते लेगसी पद्धतीने मुकाट्याने पूर्ण होतात आणि नंतर विंडोज व उबुंटू एकाच मेनूत येत नाहीत म्हणून माणूस रात्रभर ग्रबला, म्हणजे तो मेनू दाखवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामला, दोष देत बसतो. लाइव्ह सत्रात, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समध्ये, सिस या फोल्डरमधील फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचे फोल्डर आहे का, ते पाहा. नसेल, तर तेथेच थांबून यूईएफआयच्या नावाने मशीन पुन्हा सुरू करा.

विंडोजच्या सेटअपमध्ये असाल, तर डिस्कपार्टमध्ये फक्त लिस्ट डिस्क एवढे लिहा. जीपीटीच्या रकान्यात तारा असेल, तर यूईएफआयचे नाव निवडून सेटअप पुन्हा सुरू करा. रुफसमध्ये पेनड्राइव्ह जीपीटी पद्धतीने तयार केला, तर लेगसीने सेटअप सुरूच होत नाही आणि ही चूक करण्याची सोयच उरत नाही. नव्या मशीनसाठी मी आता तसाच करतो.

क्लीन चुकून झालेच असेल, तर घाबरू नका, पण त्या डिस्कवर पुढे एक अक्षरही लिहू नका. क्लीन विभागांची नोंद पुसते, आतला मजकूर बहुतांशी जागच्या जागी असतो, आणि मशीन लगेच बंद करून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली, तर टेस्टडिस्कने विभाग जसेच्या तसे परत मिळण्याची चांगली शक्यता असते. क्लीन ऑल या आज्ञेला हे लागू नाही, कारण ती सर्वत्र शून्ये लिहिते. मी थांबलो नाही. भीतीपोटी नवे विभाग पाडले आणि त्यांवर विंडोजही टाकली. मग फोटोरेक चालवावे लागले, आणि ते फायली शोधते पण त्यांची नावे परत देत नाही. एफ अक्षर आणि पुढे आकडे, अशा शेकडो फायली मी तीन रात्री एकेक उघडून, इयत्ता आणि सत्र वाचून, नावे देत बसलो. काही टिपणे मिळालीच नाहीत. त्या शिक्षिका मला एका शब्दानेही रागावल्या नाहीत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

इतर अडचणी यामानाने सोप्या आहेत. डिस्क यादीत मुळीच दिसत नसेल, तर ती खराब झाली असे ग्राहकाला लगेच सांगू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी ही इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय चालू असते आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून सेटअपमधील लोड ड्रायव्हर या पर्यायाने दिला की डिस्क दिसू लागते. बायॉसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी किल्ली ग्राहकाकडून लिहून घ्या. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून आयएसओतील फायली हाताने कॉपी करण्याच्या भानगडीत पडू नका. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फार स्वस्त मिळालेला पेनड्राइव्ह आधी पूर्ण भरून, वाचून तपासा.

शिकवणाऱ्यांविषयी माझे मत ठाम आहे. आमच्या दुकानातले मोठे दादा कीबोर्ड ओढून घेऊन अर्ध्या मिनिटात काम करून देत आणि मी त्यांना गुरू मानत असे. त्यांच्याकडून मी वेग शिकलो, समज मात्र नाही. पडद्यावर काय लिहिले आहे ते आधी मोठ्याने वाच, असे सांगणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्यामुळे अशी जुनी, मिश्र पद्धतीची मशीन तुमच्या हातात बरीच येतील. या क्षणी तुमच्यासमोर तोच जीपीटीचा संदेश असेल, तर खिडकी बंद करा, बूट मेनू पुन्हा उघडा आणि पेनड्राइव्हचे दुसरे नाव निवडून पाहा. त्याला दोन मिनिटे लागतात आणि डिस्कवरचे काहीही हलत नाही.