वजन जास्त असेल तर हंटिंगसाठी ट्री स्टँड कसा निवडायचा (विस्कॉन्सिनला नवीन आलेल्यांसाठी)

ऑक्टोबर आला की दरवर्षी कोणीतरी नवीन आलेला मुलगा मला विचारतो, काका, ऑफिसमधला एकजण मला डियर हंटिंगला नेतोय, त्याच्या शेतावर ट्री स्टँड (झाडावर बसायचं मचाण) लावलेला आहे म्हणे, जाऊ का? जा की, नक्की जा. मी सतरा वर्षं जातोय आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून सुरू होणाऱ्या त्या नऊ दिवसांच्या गन सीझनसाठी रजा आधीपासून राखून ठेवतो. पण तुमचं वजन शंभर किलोच्या पुढे असेल तर जायच्या आधी हे सगळं वाचा. तुम्हाला बोलावणारा माणूस लहानपणापासून झाडावर चढत आलेला असतो, त्याला यातल्या बऱ्याच गोष्टी सांगायचं सुचतच नाही, आणि आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली, त्यामुळे आपल्या घरांतून हे ज्ञान कोणाला मिळालेलंच नाही. मचाण हा शब्द तेवढा माहीत असतो.

कागदपत्रांचं पटकन सांगून टाकतो. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्म असेल तर इथे लायसन्ससाठी हंटर एज्युकेशन कोर्स लागतो, लायसन्स गो वाइल्ड साइटवर मिळतं. आणि एच-१बी किंवा दुसऱ्या कुठल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे, त्यातून सूट मिळण्याचे जे मोजके मार्ग आहेत त्यात व्हॅलिड हंटिंग लायसन्स असणं हा एक आहे. म्हणजे लायसन्स हातात यायच्या आधी मित्राची रायफल नुसती "धरून बघतो" हे सुद्धा करू नका, आणि तुमच्या केसबद्दल इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आता मूळ विषय. पहिलं काम दुकानात जायचं नाही, वजनकाट्यावर उभं राहायचं, आणि ते सुद्धा पूर्ण तयारीनिशी. आपण आपलं वजन किलोत सांगतो आणि तेही सकाळचं, बनियनवरचं. स्टँडवर लिहिलेला आकडा, म्हणजे रेटिंग, किती भार चालेल ते, पाउंडात असतो आणि तो माणूस अधिक कपडे अधिक बूट अधिक बंदूक अधिक बॅग अशा सगळ्या भाराचा असतो. मी सुरुवात केली तेव्हा १२५ किलो होतो, म्हणजे साधारण २७५ पाउंड, आणि बहुतेक स्टँडवर ३०० लिहिलेलं असतं म्हणून मी निर्धास्त होतो, २५ पाउंड शिल्लक आहेत की. मग एकदा बायको म्हणाली सगळं घालून काट्यावर उभे राहा बघू. बूट ५ पाउंड, थंडीचे कपडे १०, स्कोप लावलेली रायफल ९, आणि पाणी-डबा-दोरी-सुरी मिळून बॅग १२. झाले ३११. म्हणजे दोन सीझन मी मर्यादेच्या वर बसत होतो आणि मला पत्ताच नव्हता.

म्हणून आपला हा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि पुढे जे जे विकत घ्याल किंवा ज्यावर बसाल त्या प्रत्येक वस्तूशी तो ताडून बघा. प्रत्येक वस्तूशी म्हणतोय, कारण लोक फक्त स्टँडचं रेटिंग बघतात. पायऱ्यांना वेगळं रेटिंग असतं, पट्ट्यांना वेगळं, हार्नेसला (अंगात घालायचा सुरक्षा पट्टा) वेगळं, लाइफलाइनला (झाडाला वरपासून खालपर्यंत बांधलेला सुरक्षा दोर) वेगळं. यातलं जे सगळ्यात कमी असेल तेच तुमचं खरं रेटिंग. पाचशे पाउंडाच्या स्टँडवर तीनशे पाउंडाचा हार्नेस घालून बसलात तर बसायला पाचशे पण पडल्यावर तीनशेच, आणि नेमकी हीच चूक जास्त वजनाची माणसं करतात, स्टँड मोठा घेतात आणि हार्नेस त्याच डब्यातला वापरतात. डब्यात येणारा हार्नेस बहुतेक वेळा ३०० पाउंडापर्यंतचाच असतो, लेबल वाचा. तुमचा आकडा त्याच्यावर जात असेल तर जास्त रेटिंगचा हार्नेस वेगळा शोधा, आणि तो मिळेपर्यंत जमिनीवर बसा. "कंपनीवाले मार्जिन ठेवतात रे" असं कोणी म्हणेल, मलाही म्हणाले होते. ते मार्जिन काय असेल ते नव्या मालाचं, नव्या पट्ट्यांचं, मॅन्युअलप्रमाणे लावलेल्या स्टँडचं. पाच हिवाळे झाडावर काढलेल्या पट्टीचं मार्जिन कोणालाच माहीत नसतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका ओळखीच्या माणसाच्या हँग-ऑन स्टँडवर पहाटे अंधारात चढलो, हँग-ऑन म्हणजे झाडाला पट्ट्यांनी आवळलेली छोटी फळी आणि सीट, आणि शिडीवरून फळीवर पाय टाकला तसा तो स्टँड वीतभर खाली घसरला. आवाज अजून कानात आहे. माझा टेदर, म्हणजे हार्नेसपासून निघणारा जोडपट्टा, डोक्याच्या वर लाइफलाइनला अडकवलेला होता म्हणून मी लटकलो सुद्धा नाही, नुसता हिसका बसला आणि पाय परत शिडीवर आला. उजाडल्यावर बघितलं तर पट्टी एका बाजूने खारींनी कुरतडलेली आणि उरलेली उन्हाने पांढरी पडलेली. त्या दिवसापासून दुसऱ्याने लावलेल्या स्टँडवर मी उजेडात, खालून वर सगळं तपासल्याशिवाय चढत नाही. यजमानाला वाईट वाटेल वगैरे विचार करू नका, इथल्या लोकांना हे विचारलेलं उलट आवडतं.

प्रकार कुठला घ्यावा? माझं स्पष्ट मत, पहिली काही वर्षं लॅडर स्टँड. क्लाइंबर म्हणजे दोन भागांचा, उभं राहून-बसून झाडावर सरकत चढायचा स्टँड, त्यात पूर्ण वजन हाताने आणि पायाने परत परत उचलावं लागतं, आणि वर पोचेपर्यंत माणूस घामाने भिजतो, मग नोव्हेंबरच्या थंडीत तोच घाम गोठवतो. हँग-ऑनमधे सगळ्यात अवघड क्षण म्हणजे शिडी सोडून फळीवर जायचा, चढता-उतरताना आणि असा पाय बदलतानाच लोक जास्त पडतात, आणि वजन एका बाजूला गेलं की फळीला पीळ बसतो. सॅडल सध्या फार चालतंय पण त्यात तासन्‌तास कंबरेवर लटकायचं असतं, नवीन माणसाने त्यापासून सुरुवात करू नये. लॅडर स्टँडला सरळ शिडी, वर रुंद सीट, पुढे रेलिंग, आणि भार शिडीच्या पायांतून जमिनीत जातो.

त्यातही दोन माणसांचा लॅडर स्टँड बघा. त्याचं रेटिंग बऱ्याचदा ५०० पाउंड असतं, सीट रुंद, फळी मोठी. पण मॅन्युअलमधे एक ओळ शोधा, ते ५०० एकूण आहेत की प्रत्येकी २५० असं लिहिलंय, आणि एकटा माणूस बसणार असेल तर मधोमध बसायचं का. दुकानात मांडून ठेवलेला असेल तर विचारून बसून बघा, गुडघे कुठे येतात, उठताना हाताला आधार कुठे मिळतो, बूट घालून फळीवर वळता येतं का. सीट फार खोल असेल तर जड माणसाला उठताना पुढे झोका द्यावा लागतो आणि वीस फुटांवर पुढे झोका द्यायचा नसतो. शिडीच्या पायऱ्या गोल बारीक नळीच्या नकोत, चपट्या आणि खरबरीत बघा. स्टील जड पण दणकट आणि स्वस्त, ॲल्युमिनियम हलकं पण महाग, एकाच जागी ठेवायचा असेल तर स्टील घ्या आणि वेल्डिंगच्या जोडावर गंज आला की तो बाद करा. वीस फूट उंचच हवा हा हट्टही सोडा, बारा-पंधरा फुटांवरून मी भरपूर हरणं बघितली आहेत, वाऱ्याची दिशा नीट बघितली तर पाच फुटांनी काही बिघडत नाही.

जुना स्टँड गराज सेलमधून घेऊ नका, हे कळकळीने सांगतो. नवीन आलेल्याला डॉलर वाचवायचे असतात, मीही वाचवले आहेत, फर्निचर जुनं घ्या, गाडी जुनी घ्या. पण ज्याचं मॅन्युअल नाही, पट्ट्या कुठल्या माहीत नाही, रेटिंगचं स्टिकर निघून गेलंय, त्यावर आपलं वजन टाकायचं नाही. नवा घेतानासुद्धा कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या साइटवर त्या मॉडेलचा रिकॉल, म्हणजे दोष सापडल्याने माल परत मागवणं, निघालाय का ते बघा, ट्री स्टँडचे रिकॉल निघतात.

आता झाड, कारण स्टँड कितीही चांगला असला तरी शेवटी भार पेलणार झाड. जिवंत, सरळ, निरोगी आणि मॅन्युअलमधे दिलेल्या जाडीचं हवं. ओक किंवा मेपल चांगलं. ॲशवर कधीही लावू नका. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ मधे मिशिगनमधे सापडला आणि २००८ मधे आपल्या राज्यात पोचला, त्याने इथली ॲशची झाडं खाऊन टाकली आहेत, आणि असं मेलेलं झाड लवकरच ठिसूळ होतं, फांद्या नव्हे तर अख्खं खोड मोडतं. ओळखायचं कसं तर सालीवर शंकरपाळ्यासारखी नक्षी, फांद्या समोरासमोर फुटलेल्या, आणि सुतार पक्ष्यांनी साल सोलून फिकट पट्टे केलेले. हिवाळ्यात पानं नसताना जिवंत-मेलेलं कळत नाही, म्हणून झाड ऑगस्ट-सप्टेंबरमधे पानं असताना ठरवा. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यासारखी सुटी असते, तिच्यावर पकड बसत नाही.

शिडी उभी करायला तीन माणसं, कमी नाही. सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे शिडी उभी आहे पण वरची पट्टी अजून बांधायची आहे ती. तेव्हा दोघांनी खाली घट्ट धरायचं, मधला आधाराचा दांडा आणि फुलीसारख्या पट्ट्या आधी खालूनच बांधून घ्यायच्या, आणि वर जायचं ते तिघांतल्या सगळ्यात हलक्या माणसाने, हार्नेस घालून. आपण जड आहोत तर आपण खाली धरायचं, यात कमीपणा काही नाही. शिडीचे पाय सपाट घट्ट जमिनीवर हवेत, ओलसर जागेत एक पाय रुततो आणि तुमच्या वजनाने जास्तच रुततो, बर्फ वितळून परत गोठलं की जमीन हलते, त्यामुळे दर वेळी चढण्याआधी बघा. सीझन संपला की पट्ट्या काढा, झाड जाड होतं आणि पट्टी तशीच ठेवली तर आतून ताणली जाते. पब्लिक जमिनीवर नियम वेगळे आहेत, खिळे किंवा स्क्रू झाडात मारायचे नाहीत, स्टँडवर तुमची ओळख लिहावी लागते आणि बऱ्याच ठिकाणी तो रोज काढून न्यावा लागतो, डीएनआरचं (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक वाचा.

हार्नेस पूर्ण शरीराचाच हवा, नुसता कंबरपट्टा कधीच नाही, पडल्यावर तो छातीवर सरकून श्वास कोंडतो आणि आपल्यासारख्यांना तर जास्तच. माप घेताना थंडीचे कपडे घालून घ्या, मांडीचे पट्टे नीट आवळले गेले पाहिजेत. जमिनीवरून पाय उचलायच्या आधी लाइफलाइनला अडकवायचं आणि परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही, लाइफलाइनवरची प्रुसिक गाठ (हाताने सरकते पण भार आला की आवळते) आपल्याबरोबर वर सरकवत जायची. बसल्यावर टेदरला ढील जवळजवळ नको, जितकी ढील तितकं जास्त पडणं, आणि जड शरीराचा हिसका मोठा असतो. बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढायची, दोन्ही हात शिडीसाठी मोकळे.

आणि एक गोष्ट बहुतेक लोक शिकवत नाहीत. पडून हार्नेसमधे लटकलात की सुटका झाली असं नाही, मांडीचे पट्टे रक्त अडवतात आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून सस्पेन्शन रिलीफ स्ट्रॅप हार्नेसला लावलेला असू द्या, त्याच्या फासात पाय घालून उभं राहायचं आणि पाय हलवत राहायचं. हे घरी एकदा करून बघाच, बाजूला माणूस उभा ठेवून, जमिनीपासून फूटभर उंचीवर. मी केलं तेव्हा कळलं की पोटामुळे मला तो पट्टा हाताला लागतच नव्हता, मग मी तो छातीजवळच्या खिशात आणून ठेवला. फोनही तिथेच, बॅगेत नाही. आणि कुठे बसणार, किती वाजता परत येणार हे घरी लिहून ठेवा.

हे सगळं करून आकडा जमत नसेल किंवा गुडघे शिडीला नाही म्हणत असतील तर ग्राउंड ब्लाइंड घ्या, म्हणजे तंबूसारखा आडोसा, आत दणकट खुर्ची, खुर्चीचंही रेटिंग बघून. मी गेली चार वर्षं गुडघ्यामुळे अर्धा सीझन तिथूनच बसतो, आणि माझं सगळ्यात मोठं हरीण जमिनीवरूनच मिळालंय. गन सीझनमधे ब्लाइंडवर बाहेरून ब्लेझ ऑरेंज (भडक नारिंगी) लावायला विसरू नका, आणि कंबरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग ऑरेंज किंवा फ्लोरोसेंट गुलाबी हवा.

माझ्याकडे दोन मापांचे हार्नेस आहेत आणि गराजच्या तुळईला एक हूक लावलेला आहे. मॅडिसनच्या आसपास कोणी असेल तर सप्टेंबरमधल्या एखाद्या रविवारी या, बूट आणि जाकीट घेऊन या, काटाही आहे.