या चुका टाळा: ‘पर्यंत’, ‘पासून’ आणि इंग्रजीतले घोटाळे

एका ग्राहकाला मी मेलमध्ये लिहिलं होतं, ‘आय विल बी इन द ऑफिस बाय सिक्स.’ मला म्हणायचं होतं, सहापर्यंत मी आहे, तेवढ्यात येऊन जा. त्यानं वाचलं ते असं, की हा माणूस सहाच्या आत ऑफिसला पोहोचतोय. तो सव्वासहाला आला, तर दाराला कुलूप. बोलणी खाल्ल्यावर चूक कळली.

आपला ‘पर्यंत’ दोन कामं करतो. ‘पाचपर्यंत फाइल पाठव’ इथेही तोच आणि ‘पाचपर्यंत थांब’ इथेही तोच. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बाय’ लागतो, दुसऱ्यासाठी ‘टिल’. अडलात तर मराठी वाक्यात ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘पाचच्या आत पाठव’ बसतं, म्हणजे ‘बाय’. ‘पाचच्या आत थांब’ कानाला खटकतं, म्हणजे ‘टिल’.

‘पासून’चंही तसंच. ‘आय अ‍ॅम वर्किंग हियर सिन्स टू इयर्स’ हे वाक्य मुलाखतीत हमखास ऐकू येतं. पासूनच्या आधी मोजमाप असेल, म्हणजे दोन वर्षं, तीन तास, तर ‘फॉर’. सुरुवातीचा क्षण असेल, म्हणजे 2019, सोमवार, सकाळ, तर ‘सिन्स’. आणि हो, क्रियापदही बदलतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर टू इयर्स.’

बाकीच्या बऱ्याच चुका विभक्तीच्या प्रत्ययांतून येतात. लग्न डॉक्टर‘शी’ होतं, म्हणून आपण ‘मॅरीड विथ अ डॉक्टर’ म्हणतो. हवं ‘मॅरीड टू’. ‘मॅरीड विथ टू किड्स’ मात्र बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत असा होतो! राग माझ्या‘वर’ येतो, म्हणून ‘अँग्री ऑन मी’. तिथे ‘विथ’ हवं. गणिता‘त’ हुशार, म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. तिथे ‘अ‍ॅट’ बरं.

काही ठिकाणी तर काहीच लागत नाही. ‘डिस्कस अबाउट फीज’ नको, नुसतं ‘डिस्कस फीज’. गोंधळ होतो कारण ‘डिस्कशन’ या नामाला ‘अबाउट’ चालतं, क्रियापदाला नाही. ‘रीच्ड टू द स्टेशन’मधला ‘टू’ही काढून टाका. उलट ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘लिसन म्युझिक’ यांत तो राहून जातो: ‘एक्स्प्लेन टू मी’, ‘लिसन टू म्युझिक’.

‘सीनियर दॅन मी’ ही चूक मला माफ करावीशी वाटते, कारण तुलना म्हटली की ‘दॅन’ असं आपल्याला शाळेतच घोकवलेलं असतं. पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आलेले. त्यांना ‘टू’ लागतो.

प्रवासात एक ढोबळ खूण कामी येते. आत उभं राहून चालता येत असेल तर ‘ऑन’: बस, ट्रेन, विमान. कार आणि रिक्षात ‘इन’.

आणि ‘अ‍ॅट द वीकेंड’ म्हणणाऱ्याला लगेच टोकू नका. ब्रिटिश तसंच म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’ म्हणतात.