रहस्यपटात मुंबईचे मुस्लिम मोहल्ले दाखवताय? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका वेब सिरीजच्या सेटवर मी संवादलेखक म्हणून होतो. दफनाचा सीन होता. ज्युनियर आर्टिस्ट ओळीने उभे होते, कॅमेरा क्रेनवर होता. इशारा झाला आणि सगळे एकदम सजद्यात गेले, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून वाकले. दुसऱ्या टेकनंतर दापोलीकडचा एक लाइटमन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, जनाज्याच्या नमाजात सजदा नसतो. तो उभ्यानंच पढतात." तोवर उजेड जात आला होता. सीन तसाच गेला. ती टोचणी मला अजून आहे.

रहस्यपटात अशी चूक जास्त महाग पडते, कारण प्रेक्षक प्रत्येक बारकाव्याकडे पुरावा म्हणून बघत असतो. तपशीलच खोटा असेल तर त्याने कशाचा माग काढायचा?

खुनी दहाव्या मिनिटाला ओळखू येतो

कॅमेरा डोंगरीत शिरला की मागे अजान, हिरवा लाइट, डोळ्यांत सुरमा, कबाबाचा धूर. प्रेक्षकाला धोका कुठे आहे हे कळतं आणि रहस्य तिथेच संपतं. मी एक साधी चाचणी करतो. सीनमधली अजान काढून टाकायची आणि कथेतली कुठली माहिती गेली का ते बघायचं. काहीच गेली नसेल, तर ती अजान फक्त भीती दाखवायला घातली होती. ठेवायचीच असेल तर वेळ सांगण्यासाठी ठेवा. लाउडस्पीकरला रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे, हे लक्षात असू द्या. म्हणजे पहाटेच्या खुनाचा साक्षीदार "भोंग्यावरची अजान ऐकून जागा झालो" म्हणाला, तर त्याला पुन्हा चौकशीला बोलवायला हवं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे देशप्रेम सिद्ध करत फिरणारा मुस्लिम इन्स्पेक्टर. हसन गफूर आणि अहमद जावेद या शहराचे पोलीस आयुक्त होते. 1982 साली वडाळ्यात गुंड मन्या सुर्वेवर झालेल्या चकमकीच्या पथकात इसाक बागवान होते. माहीमचे सूफी संत मखदूम अली माहिमी यांच्या डिसेंबरातल्या जत्रेत पहिली चादर मुंबई पोलीस चढवतात. असं असताना तुमच्या इन्स्पेक्टरला निष्ठेवर भाषण कशाला देता? त्याला केस सोडवू द्या. उर्दूत इब्ने सफी यांनी 1952 पासून कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद या गुप्तहेरांच्या शंभरावर कथा लिहिल्या. त्यातला फरीदी हुशार आहे, आणि वाचकाला तेवढं पुरतं.

सगळे एकाच साच्यातले दिसतात

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. भेंडी बाजारातला दाऊदी बोहरा घरात गुजरातीच्या वळणाची बोली बोलतो. त्याच्या टोपीला सोनेरी काठ असतो, बायकांचा रिदा, म्हणजे बुरख्यासारखा पोशाख, रंगीत असतो आणि चेहरा उघडा असतो. कच्छी मेमनांची बोली वेगळी. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले विणकर मोमीन. डोंगरीच्या मुगल मशिदीची निळी फरशी इराणी शियांची. आणि कोकणी मुसलमान आडनावाने परकार, मुकादम, चौगुले किंवा खोत असतो, आपल्यासारखंच मराठी बोलतो. संशयिताच्या यादीत नुसतं 'खोत' लिहिलं आणि हवालदाराने गृहीत धरलं की हा हिंदू, तर तपास दोन दिवस भरकटू शकतो. असा धागा हातात असताना आपण सगळ्यांच्या तोंडी लखनवी "जनाब, तशरीफ रखिए" घालतो. नळ बाजारात असं कोण बोलतं?

हा फरक कळला की पुरावे आपोआप सापडायला लागतात. बोहरा समाज ठरलेल्या गणिती पंचांगावर चालतो, चंद्र दिसायची वाट बघत नाही. त्यामुळे त्यांची ईद सहसा इतरांच्या एक-दोन दिवस आधी होते. आता एक बोहरी दुकानदार सांगतो, "खून झाला त्या सकाळी मी आमच्या मशिदीत ईदच्या नमाजाला होतो." तारीख मोहम्मद अली रोडवरच्या, म्हणजे सुन्नींच्या ईदची. त्याची ईद तर परवाच झाली! रोजा सोडण्याचंही तसंच आहे. सुन्नी सूर्यास्ताला रोजा सोडतात, तर इस्ना अशरी शिया पूर्वेकडची लाली जाईपर्यंत आणखी काही मिनिटं थांबतात. डोंगरीच्या इमामवाड्यात शिया म्हणून मिसळलेला माणूस पहिल्या क्षणी खजूर तोंडात टाकतो आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा हात मध्येच थांबतो. एवढा एक शॉट पुरेसा आहे.

"इतकी घाई का केली?"

दफन लवकर केलं म्हणून तपास अधिकारी घरच्यांवर संशय घेतो, हे मी किमान पाच स्क्रिप्टमध्ये वाचलंय. मय्यत लवकर दफन करावी हीच रीत आहे. ती घाई पुरावा होत नाही. पण मृत्यू संशयास्पद असेल तर आधी एडीआर, म्हणजे अपमृत्यूची नोंद, करून मरणोत्तर पंचनामा व्हायलाच हवा. 1 जुलै 2024 नंतरची कथा असेल तर संवादात नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 येईल, त्याआधीची असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174. दफन झाल्यावर प्रेत उकरायचं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, इन्स्पेक्टरने फावडं मागवून चालत नाही. मुंबईत जागा कमी, म्हणून काही काळाने त्याच जागी दुसरी कबर खोदतात. म्हणजे तपासाला मुदत आहे, आणि ती कुणालाही वाढवता येत नाही.

या सगळ्यात एक पात्र कुणी लिहीतच नाही: बाईच्या मय्यतीला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, देणारी बाई. कफनाआधी शरीर शेवटचं पाहणारी तीच. गळ्यावरचा वळ तिला दिसतो. पण मय्यतीचं जे दिसलं ते बाहेर सांगायचं नाही, असा तिच्या कामाचा शिरस्ता आहे. इन्स्पेक्टर तिच्या खोलीत बसलाय, स्टोव्हवर चहा उकळतोय, आणि ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत गप्प आहे. मला हा सीन एकदा पडद्यावर बघायचाय.

मृत्युपत्राचा घोळ

"सगळी मालमत्ता धाकट्याच्या नावे केली, म्हणून थोरल्याने मारलं" हा हेतू सर्रास वापरतात. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही, आणि सुन्नींमध्ये तर वारसाच्याच नावे मृत्युपत्र करायलाही इतर वारसांची संमती लागते. दत्तक मुलाला वारसाहक्क नाही. तेव्हा आधी वकिलाकडे जाऊन वाटण्यांचा तक्ता काढून घ्या. खरा हेतू त्या तक्त्यात सापडण्याची शक्यता जास्त.

शूटिंगआधी ड्राफ्ट त्या त्या जमातीतल्या माणसाला वाचायला द्या आणि त्याचे पैसे द्या. मी पुढच्या कामाला त्याच लाइटमनला विचारलं. रात्रीच्या शिफ्टनंतर त्याने सगळं वाचलं आणि एका पानाचा कोपरा दुमडून परत दिलं. म्हणाला, "दादा, हा रोजा आहे म्हणाला, मग दुपारी चौकीत पाणी कसा प्यायला? खोटं बोलतोय का?" तो खोटं बोलत नव्हता, चूक माझी होती. पण आम्ही पाण्याचा ग्लास तसाच ठेवला आणि त्याला खोटं बोलायला लावलं.