तोरणमाळच्या तलावाकाठी मुक्काम: तंबू, गळ आणि रानपिंगळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळ तापलं की लोकांना तोरणमाळ आठवतं. मला विचाराल तर जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. हजार मीटरहून उंच सातपुड्यावर थंडी झोंबते खरी, पण यशवंत तलावाकाठी पक्षी बघायचे दिवस तेच. फक्त महाशिवरात्र टाळा. गोरखनाथाच्या यात्रेच्या गर्दीत पक्षी कुठले दिसायला!

शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे साधारण ५०-५५ किलोमीटर. पेट्रोल, रोख पैसे, औषधं शहाद्यातच घ्या आणि घाट उजेडात चढा. पोचल्यावर पहिलं काम परवानगीचं. तंबू कुठे चालेल हे वनखात्याच्या माणसाला विचारा. मासेमारीचं वेगळं विचारायचं, कारण तलाव बऱ्याचदा मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने दिलेले असतात.

तंबू अगदी पाण्याला लागून ठोकू नका. हा शहाणपणा मला एका रात्रीत आला. थंड हवा जड, ती उताराने येऊन काठाच्या खोलगट जागेत साचते. वर मी गारठ्याच्या भीतीने तंबूच्या सगळ्या चेनी गच्च लावल्या. पहाटे आमच्याच श्वासाची वाफ कापडावरून टपटप गळत होती, गोधडी ओली. म्हणून काठापासून थोडं वर, सपाट जागा बघा. वाऱ्याकडे पाठ करा, वरची जाळी उघडी ठेवा. खाली ताडपत्री, तिच्यावर घोंगडी. गारठा जमिनीतूनच जास्त चढतो. स्वयंपाकाला छोटा गॅस न्या. जंगलातली लाकडं तोडू नका. शेकोटीला परवानगी मिळालीच, तर घरून कपाशीच्या काड्या बांधून आणा.

पहाट पक्ष्यांची. उजाडायच्या आत दुर्बीण घेऊन काठाशी बसा, सूर्य पाठीशी राहील असे. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. पांढऱ्या कपाळाचा काळा तो वारकरी. भडक कपडे आणि मोबाइलची गाणी दोन्ही घरी ठेवा.

गळ टाकायची घाई सकाळी नको. पाणी गार असलं की मासा सुस्त असतो, चरायला ऊन चढल्यावरच निघतो. रोहू-मृगळसाठी कणीक आणि शेंगदाण्याची ढेप घट्ट मळा, बोराएवढी गोळी गळाला लावा. मृगळ तळाशी चरतो, तेव्हा आमिष तळाला टेकू द्या. दोरीला तरंगायला ज्वारीच्या वाळक्या धांड्याचा तुकडा पुरतो. तो थरथरला की लगेच ओढू नका, पाण्याखाली गेला की हिसका द्या. मी दर पाच मिनिटांनी दोरी वर काढून बघायचो तेव्हा सोबतचा मित्र म्हणाला होता, "मासा काय आपला चाकर शे का?" बोटभर पिल्लं सोडून द्या. तुटलेली दोरी खिशात ठेवा, पक्ष्यांच्या पायात ती अडकते. खाण्यापुरता मिळाला तर मीठ, तिखट आणि धडगावचा आमचूर चोळून तव्यावर टाका. कळण्याची भाकरी असेल तर आणखी काही नको.

परतीची सकाळ घाटाखालच्या सागाच्या रानासाठी राखा. १८८४नंतर कुणाला न सापडलेला रानपिंगळा, म्हणजे रानातलं दुर्मिळ छोटं घुबड, नोव्हेंबर १९९७मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळच दिसला होता. हा दिवसा हिंडतो, त्यामुळे रात्री टॉर्च मारत फिरायची गरज नाही. गावात दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात; याचं डोकं जवळजवळ सपाट तपकिरी, पोटाखालचा भाग स्वच्छ पांढरा, पंख-शेपटीवर रुंद पट्टे. मोबाइलवर त्याची हाक वाजवून बोलावू नका, तो खाणं आणि पिल्लं सोडून भांडायला येतो. वाळक्या फांद्यांचे शेंडे दुर्बिणीने सावकाश बघत जा. बसल्याबसल्या शेपूट डावी-उजवीकडे झटकायची त्याला सवय आहे. बहुतेक वेळा तेवढीच हालचाल आधी नजरेत भरते.