बिंदूत इंजेक्शन देऊन जनावराला गुंगी आणताय? या चुका टाळा

अ‍ॅक्युपंक्चरच्या बिंदूत गुंगीचं औषध टोचायचं आणि मात्रा नेहमीपेक्षा बरीच कमी ठेवायची, बऱ्याचदा दहाव्या हिश्शाइतकीच, अशी ही पद्धत आहे. ब्राझीलमधल्या बोतुकातूच्या संशोधकांनी घोड्यांवर असेप्रोमाझिन हे गुंगीचं औषध वापरून ती तपासली होती. थकलेल्या, म्हाताऱ्या जनावरासाठी कमी औषधात काम भागणं फार मोलाचं असतं, म्हणून मला ही पद्धत आवडते. मात्र इथे चुकायला जागा कमी असते. हे काम पशुवैद्याचंच आहे.

सगळ्यात मोठी चूक मोजण्यात होते. समजा, १० किलोचा कुत्रा आहे. झायलाझिन या गुंगीच्या औषधाची नेहमीची मात्रा किलोला १ मिलिग्रॅम धरली तर १० मिलिग्रॅम होतात आणि दहावा हिस्सा होतो १ मिलिग्रॅम. बाटली २० मिलिग्रॅम प्रति मिलीची असेल तर हे ०.०५ मिली, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ५ रेघा. मोठ्या जनावरांसाठीची १०० मिलिग्रॅम प्रति मिलीची बाटली हातात आली, तर तेच औषध एका रेघेत संपतं. तिथे अर्धी रेघ इकडे-तिकडे झाली की मात्रा दीडपट किंवा निम्मी! म्हणून आधी बाटलीवरचं प्रमाण मोठ्याने वाचा, मग सलाईनमध्ये पातळ करा. २० मिलिग्रॅमच्या औषधाच्या १ मिलीत ३ मिली सलाईन घातलं की ५ मिलिग्रॅम प्रति मिली होतं, आणि आपल्या कुत्र्याला ०.२ मिली लागतं. हे नीट मोजता येतं. पातळ केलेल्या सिरिंजवर औषधाचं नाव आणि प्रमाण लगेच लिहा.

दुसरी चूक जागेची. गुंगीसाठी वापरला जाणारा यिनतांग हा बिंदू कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध आहे. तिथे कातडीखाली लगेच हाड लागतं. सुई सरळ खुपसली तर टोक हाडावर आपटतं, जनावर डोकं झटकतं आणि औषध केसांवर सांडतं. कातडी चिमटीत उचला, सुई आडवी सरकवा आणि औषध हळू सोडा. छोटा फुगवटा दिसला की औषध आत गेलं. केस ओले दिसले तर किती गेलं याचा अंदाज बांधून लगेच दुसरी सुई मारू नका.

गुंगी येत नाही असं वाटलं, तर आधी खोलीतल्या वातावरणाकडे बघा. घाबरलेल्या जनावराच्या अंगात अ‍ॅड्रेनॅलिन खेळत असतं, त्यापुढे पूर्ण मात्राही फिकी पडते, दशांशाची काय कथा. दिवे मंद करा, गर्दी हटवा, पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. पाचव्या मिनिटाला टाळ्या वाजवून तपासणं म्हणजे आलेली गुंगी उडवणं. वाट पाहूनही जमलं नाही तर आधी दिलेलं औषध धरून नव्याने हिशेब करा.

आणि गुंगी म्हणजे वेदनाशमन नव्हे. असेप्रोमाझिन दुखणं अजिबात थांबवत नाही. एक्स-रे, सोनोग्राफी, नखं कापणं एवढ्यासाठी हलकी गुंगी पुरते. टाके घालायचे तर वेगळी व्यवस्था हवी. घोडा मान खाली घालून उभा असला तरी लाथ मारू शकतो, मागून जाऊ नका.

मात्रा कमी म्हणून लक्ष कमी, असं कधीही करू नका. झायलाझिन आणि डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधांनी हृदयाचे ठोके मंदावतात, अंग गार पडतं. झायलाझिनने कुत्र्या-मांजरांना उलटीही होते. ठोके, श्वास, हिरड्यांचा रंग आणि तापमान दर काही मिनिटांनी बघा. डेक्समेडेटोमिडिनवर अटिपामेझोल हा उतारा हाताशी ठेवा. असेप्रोमाझिनला तसा उतारा नाही, त्यामुळे रक्तदाब खालावलेल्या जनावरात ते टाळलेलंच बरं. गायीगुरांना झायलाझिन घोड्याच्या सुमारे दहाव्या हिश्शातच लागू पडतं, तेव्हा घोड्याची मात्रा गायीला लावू नका. गुंगी उतरताना पाणी पाजायची घाई करू नका. जनावर नीट गिळतंय आणि मान सावरतंय हे आधी बघा.