फोन टोपलीत, सुई हातात

शहापूरच्या आमच्या घरात रात्री साडेआठला फोन टोपलीत जातो आणि टोपली स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर. रिंग मोठी ठेवते, कारण लेक पुण्याहून फोन करते, तो चुकवायचा नाही. बाकी सगळ्या सूचना सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. गजराला साधं घड्याळ घ्या, नाहीतर फोन पुन्हा उशाशी येतो.

पण मोकळ्या हातांना काम लागतं. मला शेजारच्या कानडी अक्कांनी कसुती शिकवली, आपल्याकडे इरकल साडीवर करतात ते भरतकाम. त्यात छापा नाही, आखणी नाही. कापडाचे धागे मोजून टाका घालायचा, गाठ मारायची नाही. मोजताना नजर हलली की चुकलंच, म्हणून तर फोन आठवत नाही!

शिकायला मॅटीचं कापड घ्या, त्याचे धागे मोजायला सोपे. सुरुवात गवंती टाक्यापासून करा. आधी धावदोरा घालत जायचं, मग त्याच वाटेनं परत येत मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. रेघ दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. ती बसली की मुरगी, म्हणजे तीच चाल पायऱ्यापायऱ्यांनी. गोपूर, पालखी हे नमुने सावकाश.

पहिला आठवडा हात सारखा फळीकडे जातो. तेव्हा उठा, तांब्याभर पाणी प्या, परत बसा.

दिवाळीला लेकीच्या ब्लाउजवर मी तुळशीवृंदावन काढलं. वरची तुळस माझ्या मनची, कुठल्या नमुन्यातली नाही.